गोळीचं तापमान

पत्र आलं पहाटे पावणेसहाला.
"आदरणीय प्राध्यापक महोदय",
म्हणजे मी. भाषाशास्त्र, दुसरं वर्ष,
सायबर चौकात चहाच्या गाड्यापाशी, ओल्या केसांनी.
रात्री साडेअकराला पाठवलेला माझा निबंध
त्यांना झोपेतच "अत्यंत मौलिक" वाटला होता.

परिषद रसायनाची. आणि नर्सिंगची. आणि बँकिंगची,
योगाची, स्थापत्याची, सगळी एकाच मांडवात.
बँकॉकला. तीनशे नव्व्याण्णव डॉलर,
जेवण धरून, प्रमाणपत्र धरून.
न आलात तरी प्रमाणपत्र घरपोच.

माझ्या विषयातली असती तर नावालाच वास आला असता.
आमच्यात कोण कुणाशी भांडतं,
चहाच्या सुट्टीत कोण कुणाला टाळतं, पाठ आहे मला.
रसायनात मात्र मी परगावची,
पत्ता विचारत फिरणारी,
जो हात करील तिकडं वळणारी.

मग जायचंच कशाला तिकडं?
वडणग्याच्या गुऱ्हाळातले एकशे बारा शब्द होते माझ्या वहीत.
काहील, चुलवाण, मळी, चिप्पाड, जाळव्या.
रस उकळताना घटकेघटकेला त्याचं नाव बदलणारी माणसं,
आणि त्या नावांखाली नेमकं काय घडतं
ते आमच्या विभागात कुणालाच सांगता येईना.

नदाफ सर पत्र वाचून हसले नाहीत,
तेवढ्यानंच बरं वाटलं.
म्हणाले, समितीतलं एक नाव उचल, फोन लाव.
लावला धारवाडला.
मुलीनं घेतला.
"बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. कसली समिती?"
मी सॉरी म्हणाले.
ती म्हणाली, तुम्ही चौथ्या.

रायगोंडांना हे सांगितलं,
तर काहिलीवरची नजर न हलवता बोलले,
"रवा न फोडता सौदा करतोय म्हंजे
त्येला गूळ नकोच हाय, पोरी."
मग काय हवंय?
"ते तुज्या पिशवीत हाय."

पुढं महिनाभर हाच उद्योग.
मागच्या खेपेला कोण गेलं होतं,
त्यांचे निबंध नंतर कुठं दिसले का,
नदाफ सरांच्या पोरांनी त्यातला एक तरी
परीक्षेसाठी नव्हे, असाच, वाचला का.
म्हैसूरची एक निघाली. दोन दिवसांची, अन्नरसायनाची,
तेरावं वर्ष. विद्यार्थ्यांना आठशे रुपये,
वसतिगृहात सोय, चादर स्वतःची आणावी.
त्या चादरीवर माझा विश्वास बसला.

अकरा आठवडे उत्तर नाही.
मग आला नकार. तीन पानं.
कुणीतरी माझा शब्दन् शब्द वाचला होता.
सातव्या पानावर मी काकवीला मळी म्हटलेलं,
तेही सापडलं होतं त्याला.
दुसऱ्या परीक्षकानं खाली लिहिलेलं,
"गुळव्या 'गोळी आली' म्हणतो, ती किती अंशांना?
दर वेळी तितक्यालाच? मोजा.
पुढच्या वर्षी वाट पाहतो."

त्या संध्याकाळी रंकाळ्यावर सगळ्यांना भेळ मी दिली.
शलाका विचारत राहिली, निवड झाली का, निवड झाली का.

तापमापक नदाफ सरांचा, फुटला तर भरून देण्याच्या बोलीवर.
रायगोंडांनी तो उलटासुलटा केला,
"ह्याला काय कळतंय?" म्हणाले,
थेंब पाण्यात सोडला, चिमटीत वळला,
गोळी परातीच्या काठावर मारली. ठण्.
एकशे अठरा, मी लिहिलं.
दुसरी काहील. ठण्.
एकशे पंधरा.
मी पुन्हा बघितलं. पंधराच.

"ह्यो खोडव्याचा ऊस. ह्याची गोळी आधी येती."
मग दोन गोळ्यांना दोन नावं का नाहीत, काका?
"हायत की."
धुरातनं त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.
"तू इचारलंस कवा?"